आइस हॉकी: कोणत्या देशाचा संघ खरोखर किती ताकदवान?

निळीरेघ

२०२५ची जागतिक स्पर्धा आटोपली. स्टॉकहोमच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने स्वित्झर्लंडला ओव्हरटाइममध्ये १-० असं हरवलं, टेज थॉम्पसनच्या एकमेव गोलवर. पाठोपाठ आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे आयआयएचएफची, नवी क्रमवारी आली. अमेरिका पहिली, स्वित्झर्लंड दुसरं, मग कॅनडा, स्वीडन, झेकिया आणि सहावं फिनलंड.

ही यादी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण ती ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो माझा प्रश्न नाही. माझा प्रश्न असा: दोन्ही देशांचे सगळे खेळाडू तंदुरुस्त आणि मोकळे आहेत, मैदान तिसऱ्याच देशात आहे, आणि हे दोन संघ एकमेकांशी दहा वेळा खेळले, तर कोण किती वेळा जिंकेल? ताकद ती.

जागतिक स्पर्धा दरवर्षी मे महिन्यात होते. तेव्हा एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, तिच्या विजेतेपदाच्या स्टॅनली कपची बाद फेरी ऐन रंगात असते. ज्यांचे क्लब अजून स्पर्धेत आहेत ते खेळाडू येऊच शकत नाहीत, आणि जे मोकळे असतात त्यांतलेही बरेच जण लांबलेल्या मोसमानंतर, दुखापती सांभाळत, नकार देतात. याचा फटका ज्यांचे सर्वाधिक खेळाडू एनएचएलमध्ये आहेत त्यांनाच बसतो, म्हणजे कॅनडा आणि अमेरिकेला. मे महिन्यातला कॅनडा हा बहुतेक वेळा त्यांचा दुसरा किंवा तिसरा संघ असतो.

म्हणून मी क्रमांक देण्याऐवजी फळ्या लावतो. पहिल्या फळीत कॅनडा आणि अमेरिका. दुसरीत स्वीडन आणि फिनलंड. तिसरीत झेकिया आणि स्वित्झर्लंड, याच क्रमाने. चौथीत जर्मनी, स्लोव्हाकिया, लातव्हिया, डेन्मार्क. त्यापुढे वर-खाली होणारे संघ. रशिया सध्या बाजूला ठेवला आहे, त्यावर वेगळं बोलू.

फळ्या लावताना मी आधी मधल्या जागेवरचे आक्रमक, म्हणजे सेंटर, आणि बचावपटू बघतो. पहिल्या ओळीत चार-पाच देशांकडे जागतिक दर्जाचे खेळाडू आहेत. पण आइस हॉकीत पाऊण मिनिटाला ओळ, म्हणजे एकत्र बर्फावर उतरणाऱ्या खेळाडूंचा संच, बदलते. तिसरी आणि चौथी ओळ बर्फावर असताना कोणाचा संघ दबतो, तिथे फरक कळतो.

हिशेबवही

चांगला धागा. अधिकृत क्रमवारी कशी बनते ते आधी मांडतो, म्हणजे भांडण नेमकं कशाशी आहे ते कळेल.

शेवटच्या चार जागतिक स्पर्धा आणि शेवटचं ऑलिंपिक, एवढंच धरतात. ताज्या वर्षाचे गुण पूर्ण, त्याआधीच्या वर्षाचे ७५ टक्के, मग ५०, मग २५. ऑलिंपिकही त्याच्या वर्षाप्रमाणे घटत जातं. विजेत्याला १२०० गुण, उपविजेत्याला ११६०, तिसऱ्याला ११२०, चौथ्याला ११००, पाचव्याला १०६०. पुढे वीस-वीसने उतरत आठव्याला १०००, आणि नवव्याला एकदम ९६०.

आता अमेरिका घ्या. २०२५चं सुवर्ण १२००. २०२४ला पाचवे, म्हणून १०६०चे ७५ टक्के ७९५. २०२३ आणि २०२२ला चौथे, म्हणून ५५० आणि २७५. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पाचवे, त्याचे २६५. बेरीज ३०८५. स्वित्झर्लंड: ११६०, ८७०, ५३०, २६५ आणि ऑलिंपिकमधल्या आठव्या क्रमांकाचे २५०. बेरीज ३०७५. दहा गुणांचा फरक.

यात समोर कोण होतं, किती गोलांनी हरवलं, कोणाविना हरवलं, यातलं काहीच येत नाही. शेवटी कितव्या क्रमांकावर आलात, एवढंच. गट पाडायला आणि ऑलिंपिकचे थेट प्रवेश ठरवायला ही पद्धत सोपी आणि सगळ्यांना समजणारी आहे, म्हणून मला ती आवडते. ताकद मोजायला मात्र बुद्धिबळातल्या ईलोसारखी पद्धत बरी. बलवान संघाला हरवलं तर जास्त गुण, दुबळ्याकडून हरलात तर जास्त घसरण.

बर्फवाट

ईलोचीही अडचण आहेच ना. २०२१च्या मे महिन्यातला कॅनडा आणि ऑलिंपिकमधला कॅनडा हे एकाच नावाचे दोन वेगळे संघ. ईलो दोघांना एकाच खात्यात टाकतं.

पण मी मुख्यतः स्वित्झर्लंडसाठी लिहितोय. निळीरेघ, तुम्ही त्यांना तिसऱ्या फळीत, तेही झेकियाच्या खाली ठेवलंत, हे मला पटत नाही. २०१३, २०१८, २०२४, २०२५ अशी चार रौप्यपदकं. २०१८चा अंतिम सामना स्वीडनविरुद्ध शूटआउटपर्यंत गेला. यंदाचा साठ मिनिटं ०-० होता. २०२२ आणि २०२३ मध्ये ते आपल्या गटात पहिले आले आणि दोन्ही वेळा उपांत्यपूर्व फेरीत एकाच सामन्यात बाहेर पडले, एकदा अमेरिकेकडून ०-३, एकदा जर्मनीकडून १-३. सात सामन्यांची मेहनत एका संध्याकाळी संपते आणि चौथ्या-पाचव्यातली चाळीस गुणांची दरी तुमच्या वाट्याला येते.

यंदा सदतीस वर्षांचा लिओनार्दो जेनोनी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तो एनएचएलमध्ये नाही, स्वित्झर्लंडच्याच लीगमध्ये खेळतो. रोमान योसी, नीको हिशियर, केव्हिन फियाला, टिमो मायर हे सगळे एकत्र आले तर दुसरी फळी का नाही?

निळीरेघ

बर्फवाट, तुम्ही घेतलेली चार नावं कोणत्याही संघात बसतील, हिशियर तर एनएचएलच्या २०१७च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला होता. माझा आक्षेप त्यानंतरच्या खेळाडूंवर आहे. स्वित्झर्लंडचा अख्खा चमू एनएचएलच्या खेळाडूंनी भरत नाही. स्वीडनचा भरतो, आणि वर चांगले लोक घरी बसतात. हेडमन, डालीन, फोर्सलिंग, एकहोल्म, कार्लसन अशी बचावफळी असल्यावर शेवटच्या जोडीतही कच्चा दुवा उरत नाही.

मे महिन्यात स्वित्झर्लंडची ही उणीव झाकली जाते, कारण समोरचेही अपुरे असतात. शिवाय त्यांच्या लीगचे खेळाडू एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. एकत्र खेळण्याची सवय ही मोठी ताकद आहे, ते मी मान्य करतो. म्हणूनच ते चौथ्या फळीच्या बऱ्याच वर आहेत.

गोलजाळी

तुम्ही दोघंही पुढच्या खेळाडूंवर बोलताय, गोलरक्षकाचं काय? या खेळात एक माणूस सगळी क्रमवारी उलटवू शकतो, असं मला मनापासून वाटतं.

१९९८चं नागानो बघा. एनएचएलचे खेळाडू पहिल्यांदा ऑलिंपिकला आले होते. उपांत्य सामन्यात कॅनडाविरुद्ध शूटआउटमध्ये झेक गोलरक्षक डोमिनिक हाशेकने पाचही जणांना अडवलं, अंतिम सामन्यात रशियाला एकही गोल करू दिला नाही, आणि झेक संघ १-० ने सुवर्ण घेऊन गेला. त्या संघात कॅनडाइतकी खोली होती का? नव्हती. तरी ते जिंकले, आणि ते सुवर्ण अस्सल आहे.

दुसरं उदाहरण २०१४चं, सोची. लातव्हियाच्या क्रिस्टर्स गुडलेव्हस्किसने उपांत्यपूर्व फेरीत कॅनडाचे ५५ फटके अडवले. ५७ पैकी ५५! लातव्हिया १-२ ने हरला, पण तिसऱ्या सत्राच्या अखेरीपर्यंत कॅनडाचा जीव टांगणीला लागला होता. आणि हा तोच कॅनडा, ज्याने त्या स्पर्धेच्या सहा सामन्यांत मिळून फक्त तीन गोल खाल्ले.

२०२३ मध्ये लातव्हियाला कांस्य मिळालं तेव्हाही आर्टुर्स शिलोव्स हा गोलरक्षकच स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू होता. त्या रात्री त्यांच्या संसदेने बैठक घेऊन दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर केली. जागतिक स्पर्धेतलं देशाचं पहिलं पदक होतं ते.

सध्या या बाबतीत अमेरिका सगळ्यांच्या पुढे आहे. हेलबक, ऑटिंजर, स्वेमन. हेलबकला तर यंदा एनएचएलच्या सर्वात मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफी मिळाली, जी गोलरक्षकाला क्वचितच मिळते. कॅनडाची सगळ्यात मोठी काळजी हीच जागा आहे. म्हणून पहिल्या फळीत मी अमेरिकेला कॅनडाच्या वर ठेवीन.

निळीरेघ

गोलजाळी, तुमच्याशी निम्मा सहमत. पण दहा सामन्यांच्या कसोटीत गुडलेव्हस्किससारखी रात्र एकदाच येते. त्या एका रात्रीमुळे स्पर्धेचा निकाल बदलेल, ताकदीची क्रमवारी नाही बदलणार. हाशेक वेगळा, तो दहापैकी आठ रात्री तसा खेळायचा. गोलरक्षक गणतीत धरायचाच, पण त्याची नेहमीची पातळी धरायची.

कॅनडा-अमेरिकेबद्दल आपल्याकडे ताजा पुरावा आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये माँट्रियल आणि बॉस्टनमध्ये चार देशांची (कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड) स्पर्धा झाली, एनएचएलनेच भरवलेली, सगळे खेळाडू एनएचएलचे. साखळीत अमेरिकेने माँट्रियलमध्ये कॅनडाला ३-१ हरवलं. अंतिम सामन्यात बॉस्टनमध्ये कॅनडाने ३-२ परतफेड केली, ओव्हरटाइममध्ये मॅकडेव्हिडने गोल केला. दोघांनी एकमेकांना दुसऱ्याच्या घरी हरवलं. मला यात पाच-पाच दिसतं, फार तर सहा-चार.

सुओमीप्रेमी

फिनलंडबद्दल कोणी बोलेल म्हणून वाट बघत होते.

साधारण ५५ लाख लोकसंख्येच्या देशाने २०१९ला जागतिक सुवर्ण जिंकलं, तेही एनएचएलचे तारे जवळपास नसताना. मार्को अँटिला कर्णधार होता आणि काको तेव्हा अठरा वर्षांचा. २०२२ला बीजिंगमध्ये इतिहासातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण, त्याच वर्षी मे महिन्यात घरच्या मैदानावर, टाम्पेरेत, कॅनडाला ओव्हरटाइममध्ये ४-३ हरवून जागतिक सुवर्ण. २०११चं जागतिक सुवर्ण धरलं तर चारही वेळा प्रशिक्षक एकच, युक्का यालोनेन. पाच जणांनी एकत्र मागे यायचं, मधला भाग बंद करायचा, पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, घाईने सोडायचा नाही. प्रत्येक वयोगटात हेच शिकवतात, त्यामुळे ऐनवेळी बोलावलेला खेळाडूही पहिल्या दिवसापासून संघात बसतो.

निळीरेघ, तुमच्या फळ्या नावांवरून लागतात. पद्धत ही ताकद नाही का? माझ्या मते फिनलंडची मे महिन्यातली फळी आणि फेब्रुवारीतली, म्हणजे सगळे तारे असतानाची, फळी यांत सगळ्यात कमी फरक असतो, आणि ही गोष्ट कोणत्याच यादीत दिसत नाही.

हिशेबवही

सुओमीप्रेमी, मुद्दा पटला, पण २०२२ नंतरचे आकडे कडक आहेत. २०२३ला सातवे, २०२४ला आठवे, २०२५ला पुन्हा सातवे. तिन्ही वेळा उपांत्यपूर्व फेरीत बाहेर: कॅनडाकडून, स्वीडनकडून, अमेरिकेकडून. चार देशांच्या स्पर्धेत अमेरिकेकडून १-६. तुम्ही सांगितलेल्या २०२२च्या दोन सुवर्णांचं वजन आता घटून २५ टक्क्यांवर आलंय, पुढच्या वर्षी ती हिशेबातून जातीलच.

सुओमीप्रेमी

ज्यांच्याकडून हरले ती नावं पुन्हा वाचा: कॅनडा, स्वीडन, अमेरिका. दुबळ्या संघाकडून नाही हरले. तुमच्याच ईलोने हे पराभव फारसे महाग पडणार नाहीत. आणि फेब्रुवारीत हाइस्कानेन दुखापतीमुळे नव्हता. पहिल्या जोडीतला असा बचावपटू गेला की फिनलंडकडे त्याच्या तोडीचा दुसरा नसतो. हीच आमची खरी कमजोरी. त्याच स्पर्धेत त्यांनी स्वीडनला ओव्हरटाइममध्ये ४-३ हरवलं, तेही त्याच्याशिवाय.

तिसरीओळ

रशियावर कोणीतरी लिहायला हवं. २०२२पासून ते आणि बेलारूस आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाहेर आहेत. खेळाडू मात्र डोळ्यांसमोर आहेत. ओव्हेचकिनने एप्रिल २०२५मध्ये ग्रेट्झकीचा एनएचएलमधला सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला. कुचेरोव्ह आहे. गोलरक्षकांत वासिलेव्हस्की, शेस्त्योर्किन, सोरोकिन. गोलजाळी म्हणतात ते निकष लावले तर हा संघ पहिल्या दोन फळ्यांत येतो. नुसतं बाजूला ठेवलं म्हणजे उत्तर झालं नाही.

निळीरेघ

बाजूला ठेवण्याचं कारण सांगतो. बंदी योग्य की अयोग्य या वादात मी इथे पडत नाही, तो विषय युद्धाचा आहे आणि खेळापेक्षा फार मोठा आहे. मी फक्त मोजमापाचं बोलतो. एनएचएलचे खेळाडू असलेला रशियाचा पूर्ण संघ ऑलिंपिकमध्ये शेवटचा २०१४ला दिसला. २०१८चं सुवर्ण आणि २०२२चं रौप्य त्यांनी एनएचएलच्या खेळाडूंविना घेतलं. सोचीत तर घरच्या मैदानावर, एवढी नावं असूनही, फिनलंडने त्यांना उपांत्यपूर्व फेरीत काढलं, आणि बचावफळी उथळ असल्याचं तेव्हाच दिसलं. आता मधल्या काळात मोठ्या संघांशी एकही सामना नाही. कागदावरची नावं जोडून क्रमांक द्यायचा तर तो अंदाज होईल, आणि बाकी सगळ्यांना मी सामन्यांवरून तोलतोय. एकाच यादीत दोन मापं नकोत.

तिसरीओळ

ठीक. पण मग जुन्या काळाला काय माप लावणार? सोव्हिएत संघ १९५४ पासून जागतिक सुवर्णं जिंकत होता आणि कॅनडाचे व्यावसायिक खेळाडू त्या स्पर्धांत नव्हतेच. १९७२ला आठ सामन्यांची मालिका झाली तेव्हा कॅनडात बहुतेकांना वाटत होतं की आपण सहज जिंकू. माँट्रियलच्या पहिल्याच सामन्यात सोव्हिएत संघ ७-३ ने जिंकला. शेवटच्या सामन्यात ३४ सेकंद उरली असताना हेंडरसनचा गोल झाला म्हणून मालिका कॅनडाची, चार विजय, तीन पराभव, एक बरोबरी. तोवर खरी तुलनाच झाली नव्हती. दोन्ही बाजू आपापली यादी खरी मानत होत्या.

बर्फवाट

याच मुद्द्यावर परत स्वित्झर्लंड. चार देशांच्या स्पर्धेला पुरावा म्हणताय, पण तिथे झेकिया आणि स्वित्झर्लंडला बोलावलंच नव्हतं. पास्त्रनाक नाही, योसी नाही, जर्मनीचा ड्राइझाइटलही नाही. ज्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही त्यांना तिसरी फळी देणार?

निळीरेघ

हा तुमचा सगळ्यात बिनतोड मुद्दा आहे. पहिल्या फळीतल्या कॅनडा आणि अमेरिकेबद्दल मी ठाम आहे. स्वीडन-फिनलंड आणि झेकिया-स्वित्झर्लंड यांमधली रेघ मात्र मी पेन्सिलीनेच मारलेली समजा. झेकियाला वर ठेवलं ते पास्त्रनाकसारखा एकहाती सामना फिरवणारा गोलवीर आणि दोस्तालसारखा तरुण गोलरक्षक आहे म्हणून. २०२४ला प्रागमधल्या अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडला २-० हरवताना हेच दोघं दिसले.

गोलजाळी

तो सामना प्रागमध्ये होता, घरच्या प्रेक्षकांसमोर. तुमच्या कसोटीत तिसऱ्या देशातलं मैदान आहे. एके काळी यजमान जिंकतच नसत, १९८६च्या सोव्हिएत संघानंतर थेट २०१३ला स्वीडन जिंकला. पण अलीकडे २०२२ फिनलंड, २०२४ झेकिया. यंदा हेर्निंगमध्ये डेन्मार्कने क्रॉस्बी आणि मॅकिनन असलेल्या कॅनडाला २-१ हरवलं, शेवटच्या मिनिटात गोल करून. तो डेन्मार्क पुढे स्टॉकहोमला गेला आणि उपांत्य सामन्यात स्वित्झर्लंडकडून ०-७ हरला.

उलटीपास

महिलांचं कोणीच काढलं नाही. तिथे फळ्या लावणं दुर्दैवाने फार सोपं आहे. १९९० पासूनची प्रत्येक जागतिक स्पर्धा कॅनडा किंवा अमेरिकेने जिंकली आहे. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात या दोघांखेरीज तिसरा देश एकदाच पोहोचला, २००६ला स्वीडन, अमेरिकेला शूटआउटमध्ये हरवून. २०१९ला एस्पोमध्ये फिनलंडने कॅनडाला काढून अंतिम फेरी गाठली, ओव्हरटाइममध्ये गोलही केला, तो रद्द झाला आणि शूटआउटमध्ये अमेरिका जिंकली. त्या निर्णयाचं मला आजही वाईट वाटतं.

तरी तिसऱ्या जागेची लढत आता जिवंत आहे. २०२२ आणि २०२३ला झेकियाला कांस्य, २०२४ आणि २०२५ला फिनलंडला. मुलींना पूर्ण वेळ खेळता येईल अशा लीग युरोपात वाढल्या तरच वरची दरी बुजेल.

तिसरीओळ

खालच्या बाजूलाही बघा. जागतिक स्पर्धेच्या वरच्या सोळा संघांतून दरवर्षी दोन खाली जातात, दोन वर येतात. यंदा कझाकस्तान आणि फ्रान्स उतरले, ब्रिटन आणि इटली चढले. पण ऑस्ट्रियाला आता या वर-खाली होणाऱ्यांत धरू नका. २०२४ला कॅनडाविरुद्ध १-६ वरून ६-६ केलं आणि ओव्हरटाइममध्ये हरले. त्याच स्पर्धेत फिनलंडला सामना संपायला सेकंदाचाही अवकाश नसताना गोल करून हरवलं. यंदा उपांत्यपूर्व फेरीत. चौथ्या फळीच्या दारात उभे आहेत.

हिशेबवही

माझ्या मते स्लोव्हाकिया आणि जर्मनी यांना एका फळीत ठेवणं चुकीचं. जर्मनीकडे ड्राइझाइटल, झाइडर, श्ट्युट्झले आहेत, २०१८चं ऑलिंपिक रौप्य आणि २०२३चं जागतिक रौप्य आहे. स्लोव्हाकियाची बाजू भविष्याची आहे. २०२२च्या एनएचएल निवडीत पहिला स्लाफकोव्स्की आणि दुसरा नेमेत्स, दोघंही त्यांचे. त्याच वर्षी सतरा वर्षांचा स्लाफकोव्स्की बीजिंगमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघाला कांस्य मिळालं. आज मात्र जर्मनी अर्धी पायरी वर.

बर्फवाट

जर्मनीबद्दल सहमत. निळीरेघ, आपला वाद मिटायची सोय झालेली आहे. फेब्रुवारी २०२६ला मिलानमध्ये एनएचएलचे खेळाडू बारा वर्षांनी ऑलिंपिकला परत येताहेत, आणि कॅनडा, झेकिया, स्वित्झर्लंड हे तिघंही एकाच गटात आहेत. योसी, हिशियर, मायर, फियाला एका बाजूला, पास्त्रनाक आणि दोस्ताल दुसऱ्या बाजूला, मैदान इटलीतलं.

निळीरेघ

पण एकाच सामन्यावरून रेघ पुसणार नाही. कॅनडाविरुद्ध दोघं कसे खेळतात तेही धरू. तिथे स्वित्झर्लंडच्या तिसऱ्या ओळीने मॅकडेव्हिड आणि मॅकिननच्या पाळीत पक आपल्या टोकातून स्वच्छ बाहेर काढला, तर ते झेकियाच्या वर जातील.